घरची संक्रांत आणि आकाशांतलें उत्तरायण

संक्रांत कशी करावी हें सांगण्यासाठीं मी आज आपणांपुढें आलेलों नाहीं. तिळाच्या वड्यांना पाक कोणता घ्यावा, सुगडांत काय काय भरावें, हलव्यावर कांटा कसा आणावा, हें ज्ञान घरोघरीं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआंत सुरक्षित आहे. तेथें शाळामास्तरानें लुडबूड न करावी हेंच बरें. मला बोलावयाचें आहे तें एका लहानशा प्रश्नाविषयीं. शाळेंत असतांना हा प्रश्न मला दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारीत असे, आणि त्याचें उत्तर घर व शाळा या दोघांनीं मिळून एकच दिलें पाहिजे, असें मला वाटतें.

भूगोलाच्या पुस्तकांत असें असतें कीं, २१ किंवा २२ डिसेंबर हा आपल्याकडील वर्षांतला सर्वांत लहान दिवस. त्या दिवशीं सूर्य दक्षिणेकडची आपली सीमा गांठतो आणि तेथून उत्तरेकडे वळतो. म्हणजेच उत्तरायण सुरू होतें. घरीं मात्र १४ किंवा १५ जानेवारीला आजी हातावर तिळगूळ ठेवते आणि म्हणते, “आज उत्तरायण लागलें, आतां दिवस तिळातिळानें मोठा होणार.” दोन्ही ऐकणारें मूल एकच. त्यानें खरें कोणाचें मानावें? पुष्कळ मुलें हा प्रश्न मोठ्यानें विचारीत नाहींत. मनांतल्या मनांत ती एक सोय करून घेतात. शाळेंतलें ज्ञान परीक्षेसाठीं आणि घरांतलें ज्ञान सणासाठीं! एकदां ही भिंत मनांत उभी राहिली कीं पुढें जन्मभर माणूस एका खोलींत शिकतो आणि दुसऱ्या खोलींत राहतो. म्हणून प्रश्न लहान असला तरी तो टाळण्यासारखा नाहीं.

मी ज्योतिषी नव्हे आणि गणितीहि नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें गणित आणि शिकवितां शिकवितां गोळा झालेली माहिती एवढीच माझी पुंजी. परंतु हें कोडें उलगडण्यास तेवढी पुरते.

प्रथम आकाशाची बाजू पाहूं. सोलापूर हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १७ अंश ४० कलांवर वसलेलें आहे. त्यामुळें २२ डिसेंबरला भर दुपारीं सूर्य आपल्या दक्षिण क्षितिजापासून सुमारें ४९ अंशच वर चढतो. गच्चीवर किंवा अंगणांत एक मीटर लांबीची काठी ओळंब्यानें सरळ उभी केली तर त्या दिवशीं तिची मध्यान्हींची सांवली सुमारें ८७ सेंटिमीटर भरते. वर्षांतील मध्यान्हसांवल्यांत हीच सर्वांत लांब. संक्रांतीच्या दिवशीं हीच सांवली सुमारें ८१ सेंटिमीटर होते. पुढें ती आंखडत जाते आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं सूर्य थेट माथ्यावर येऊन ती काठीच्या पायाशींच नाहींशी होते. याचा अर्थ उघड आहे. सूर्याचें मागें वळणें डिसेंबरांतच झालेलें असतें. संक्रांतीपर्यंत सांवली सहा सेंटिमीटर माघार घेऊन चुकलेली असते. पुस्तक खोटें बोलत नाहीं.

मग आजी खोटें बोलते काय? तिचेंहि म्हणणें तपासून पाहूं. सोलापुरांत २२ डिसेंबरचा दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, सुमारें ११ तास ४ मिनिटांचा असतो. १४ जानेवारीला तो सुमारें ११ तास १० मिनिटांचा होतो. तेवीस दिवसांत वाढ किती, तर सहा मिनिटें! रोजचा हिशेब काढला तर पाव मिनिटाच्या आसपास. पुढच्या महिन्याभरांत मात्र, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, दिवस आणखी चोवीस मिनिटांनीं वाढतो. डिसेंबर–जानेवारींतली वाढ तिळाएवढी, त्यानंतरची हरभऱ्याएवढी. ज्या कोणी ‘तिळातिळानें’ हा शब्द योजिला त्याची नजर बारीक होती असेंच म्हटलें पाहिजे.

आणखी एक गंमत आहे. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढूं लागतो खरा, पण सकाळ लवकर होत नाहीं. त्या दिवशीं आपल्याकडे सूर्य सहा त्रेपन्नच्या सुमारास उगवतो, तर १४ जानेवारीला सातच्या सुमारास. संध्याकाळ मात्र पांच सत्तावन्नवरून सहा दहापर्यंत लांबलेली असते. पृथ्वीची सूर्याभोंवतींची गति वर्षभर सारखी नसते आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनीं खरी मध्यान्ह घड्याळापुढें-मागें सरकते, त्याचा हा परिणाम. तेव्हां पहांटे उठून चूल पेटविणाऱ्या गृहिणीला डिसेंबरअखेर ‘दिवस मोठा झाला’ असें कधींच वाटलें नसतें. तिला तें जाणवूं लागतें जानेवारीच्या मध्यानंतरच. घरच्या अनुभवाला घरचें कारण आहे तें असें.

आतां मुख्य गांठ. सूर्य डिसेंबरांत वळतो, तर पंचांगांत मकरसंक्रमण जानेवारींत कां? याचें उत्तर असें कीं वर्ष मोजण्याच्या रीति दोन आहेत. एक रीति ऋतूंची: सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे केव्हां वळतो, दिवस व रात्र समान केव्हां होतात, यांवरून मोजावयाची. हिला सायन म्हणतात. दुसरी रीति ताऱ्यांची: सूर्य कोणत्या नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवर आला आहे हें पाहून मोजावयाची. ही निरयन. या दोन घड्याळांचे कांटे एकाच वेगानें फिरत नाहींत. मुलांचा भोंवरा वेग मंदावतांना जसा डुलत डुलत आपल्या आरेवर वर्तुळ काढतो, तशी पृथ्वीहि आपला अक्ष अतिशय सावकाश डुलवीत असते. तिच्या एका डुलण्याला सुमारें २६,००० वर्षें लागतात. परिणाम असा कीं अयनाचे बिंदु ताऱ्यांच्या तुलनेनें दर ७२ वर्षांत सुमारें एक अंश मागें सरकतात. हेंच अयनचलन. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, इ. स. २८५ च्या सुमारास, दोन्ही घड्याळें जुळत होतीं. सूर्याचें वळणें आणि मकरराशींत शिरणें हीं एकाच दिवशीं घडत. आज तें अंतर सुमारें चोवीस अंशांचें झालें आहे. बावीस डिसेंबर आणि चौदा जानेवारी यांमधले तेवीस दिवस ते हेच.

हें आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. वेदांगज्योतिषांत सूर्याचें उत्तरेकडे वळणें धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभीं सांगितलें आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत त्याचा उल्लेख करून, आपल्या काळीं तें मकराच्या आरंभीं होतें असें नोंदविलें. एवढेंच करून तो थांबला नाहीं. कोणाला शंका असेल त्यानें मोठें वर्तुळ आंखून त्यांत सांवली शिरते व बाहेर पडते त्या खुणा पाहाव्या आणि प्रत्यक्ष खात्री करून घ्यावी, असेंहि त्यानें सांगून ठेविलें. शास्त्रांत लिहिलें आहे म्हणून मान, असें हा शास्त्रकार म्हणत नाहीं. अंगणांत जा आणि पाहा, असें म्हणतो.

संक्रांतीचा दिवस सरकतो याचा पुरावा इतिहासांतहि सांपडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशींचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आतां तोच सण १४ किंवा १५ तारखेस येतो. २०२४ सालीं तो १५ जानेवारीला आला, २०२५ सालीं १४ ला. हा क्रम असाच चालला तर सुमारें बाराशें वर्षांनीं संक्रांत फेब्रुवारींत शिरेल. दुसरें उदाहरण पानिपताचें. १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांचा पराभव झाला, तो दिवस संक्रांतीचा होता असें पुष्कळ लोक सांगतात. परंतु त्या काळीं सूर्याचें मकरसंक्रमण तीन-चार दिवस आधींच होऊन जात असे. ‘संक्रांत कोसळली’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत रुळला आहे, तो राहो. पण एका पराभवाचें खापर सूर्याच्या माथीं फोडावयाचें कारण नाहीं. संक्रांत कोणत्या वाहनावर बसून आली आणि कोणावर रुसली, अशा गोष्टींनीं दरवर्षीं कांहीं आयाबहिणी भयभीत होतात, त्यांनाहि माझें हेंच सांगणें आहे. आकाशांत घडतें तें इतकेंच: सूर्य एका विभागांतून दुसऱ्या विभागांत जातो.

महाराष्ट्रांत या प्रश्नावर मोठा खल झालेला आहे. १८९६ सालीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पद्धतीच्या बाजूचे होते. लोकमान्य टिळकांच्या नांवानें चालणाऱ्या पंचांगांत आरंभबिंदु निराळा धरला असल्यामुळें तें पाळणाऱ्या घरांत आजहि संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होते. आणि ज्या दाते पंचांगावरून महाराष्ट्रांतील असंख्य घरें सणवार ठरवितात, तें निघतें आपल्याच सोलापुरांतून! त्याच्या डिसेंबरच्या पानावर सूर्याच्या सायन मकरप्रवेशाची नोंद असते; आपली दृष्टि मात्र तिथि-वार पाहून तिच्यावरून निसटते. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगसुधारणेसाठीं समिति नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. नभोवाणीच्या श्रोत्यांनीं ‘भारतीय सौर दिनांक’ हे शब्द पुष्कळदां ऐकले असतील. त्या दिनदर्शिकेंत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हाच आहे. म्हणजे उत्तरायणाचा खरा दिवस आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनें एका महिन्याच्या माथ्यावर बसविला आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं एवढेंच.

तर मग संक्रांत मागें ओढून डिसेंबरांत आणावी काय? माझें मत तसें नाहीं. घराकडे नीट पाहिलें तर असें दिसतें कीं आपल्या घरांनीं उत्तरायण एका दिवसांत कोंडलेलेंच नाहीं. तें दीडदोन महिन्यांवर पसरून दिलें आहे. १६ डिसेंबरच्या सुमारास सूर्य धनुराशींत येतो आणि धुंधुरमास सुरू होतो. उजाडण्यापूर्वीं उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी आणि भरीत यांचा नैवेद्य करावयाचा व कोंवळ्या उन्हांत जेवावयाचें, ही त्याची रीत. वर्षांतला सर्वांत लहान दिवस या धुंधुरमासाच्या पहिल्या आठवड्यांतच येतो. मार्गशीर्षांतल्या अमावास्येला आपल्या जिल्ह्यांत आणि शेजारच्या लातूर-धाराशिवाकडे शेतकरी घरची मंडळी घेऊन शेतांत जातात, कडब्याची कोप उभारून पूजा करतात आणि भज्जी-आंबिलाचें जेवण करतात. ही वेळ अमावास्या, बोलींतली येळवस. कानडींत तिला एळ्ळु अमावास्या म्हणतात, आणि एळ्ळु म्हणजे तीळ! त्यानंतर भोगी, मग संक्रांत, दुसऱ्या दिवशीं किंक्रांत, आणि शेवटीं माघ शुद्ध सप्तमीची रथसप्तमी. त्या दिवशीं अंगणांत गोंवऱ्यांवर दूध उतूं जाऊं देतात आणि हळदीकुंकवाचे दिवस संपतात. लहान दिवसाच्या तोंडाशीं सुरू झालेली ही माळ, दिवस डोळ्यांना मोठा दिसूं लागला म्हणजे पुरी होते.

या माळेंतील प्रत्येक मणि ऋतूच्या गरजेंतून आला आहे. तिळांत जवळजवळ निम्मा भाग तेलाचा. थंडीनें कातडी तडकूं लागते त्या दिवसांत तें पोटांत जावें हें बरोबरच. भोगीची भाजी म्हणजे त्या आठवड्यांतील मळ्याची यादी: घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगें, बोरें, तीळ, शेंगदाणे. सुगडांत ऊंस, हरभरा, बोरें आणि गव्हाची ओंबी जाते, कारण शिवारांत त्या वेळीं तेंच असतें. काळी चंद्रकळा एरवीं सणाला चालत नाहीं, ती संक्रांतीला चालते. काळें वस्त्र ऊब धरून ठेवतें. बाळाच्या बोरन्हाणांत डोक्यावरून बोरें, चुरमुरे व हलवा ओतावयाचा तोहि या ऋतूच्या फळांची ओळख बाळाला करून देण्यासाठींच. हा सगळा संसार डिसेंबरांत उचलून नेला तर शिवार त्याच्याबरोबर येणार नाहीं.

आपल्या शहराची तर गोष्टच वेगळी. बाराव्या शतकांत शिवयोगी सिद्धरामांनीं येथें तलाव खोदविला आणि गांवाभोंवतीं अडुसष्ट लिंगें स्थापिलीं. संक्रांतीच्या दिवसांत त्यांची गड्डा यात्रा भरते. पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज तोलून धरतात. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, मग तलावाकांठीं संमतिकट्ट्याजवळ अक्षता, मग होम, असा क्रम चालतो. अक्षता पडतात त्या कुंभारकन्येच्या कथेवरून. ज्या दिवसांत कुंभाराचें सुगड प्रत्येक देवघरांत जातें, त्याच दिवसांत कुंभाराची लेक साऱ्या शहराची नवरी होते, हा योग मला फार सुंदर वाटतो. सोलापूरचा मराठी उंबरठा त्या दिवसांत एकटा नसतो. कानडी घरांतून एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ-गूळ, येतो. तेलुगु घरांपुढें भोगीच्या पहांटे शेकोटी पेटते आणि रांगोळ्या उमटतात. शब्द तीन, तीळ एकच.

जगांतहि हा लहान दिवस घराघरांतूनच साजरा होतो. इराणांत वर्षांतल्या सर्वांत लांब रात्रीला यल्दा म्हणतात. त्या रात्रीं सारें कुटुंब वडीलधाऱ्यांच्या घरीं जमून डाळिंबें व कलिंगडें खात जागतें. डाळिंबासाठीं प्रसिद्ध असलेल्या आपल्या जिल्ह्याला ही रात्र परकी वाटूं नये. चीनमध्यें याच सुमारास घरचीं माणसें एकत्र बसून दक्षिणेकडे तांदुळाच्या पिठाच्या गोळ्या खातात. जेथें जेथें अंधार लांबतो तेथें तेथें माणसें एकमेकांच्या जवळ सरकतात आणि कांहीं तरी गोड वांटतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संक्रांत आहे तेथेंच राहूं द्या. तिच्या आधीं एक दिवस मुलांसाठीं जोडा. २२ डिसेंबरला गच्चीवर एक मीटरची काठी उभी करा. घड्याळांतल्या बाराला सोलापूरची खरी मध्यान्ह होत नाहीं, कारण आपलें घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरची वेळ दाखवितें आणि आपण तिच्या पश्चिमेस साडेसहा अंशांवर आहोंत. तेव्हां बारा दहापासून पाऊणपर्यंत दर पांच मिनिटांनीं सांवलीच्या टोकावर खडूनें ठिपका काढा. सर्वांत आंखूड सांवली बारा पंचविसाच्या सुमारास सांपडेल; तेथें तारीख लिहा. संक्रांतीच्या दिवशीं, तिळगूळ वांटण्यापूर्वीं, तेंच पुन्हां करा. त्या वेळीं मध्यान्ह बारा पस्तिसाला येईल. दोन खुणांमध्यें चार बोटांहून थोडें कमी अंतर दिसेल. मग मुलाला सांगा: पुस्तकानें सांगितलें तेंहि खरें आणि आजीनें सांगितलें तेंहि खरें, हें अंतर या दोन सत्यांच्या मधलें आहे, आणि तें तूं स्वतः मोजलें आहेस. आजीनेंहि “आज उत्तरायण लागलें” याऐवजीं “आज सूर्य मकरेंत आला” असें म्हटलें, तर तिचा तिळगूळ तिळभरहि कमी गोड होणार नाहीं.

आणि गोडाची गोष्ट निघाली म्हणून शेवटचा एक शब्द. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असें आपण दारीं येईल त्या प्रत्येकाला म्हणतों; पण हळदीकुंकवाच्या दिवशीं शेजारची जी बहीण पतीच्या मागें राहिली आहे तिच्या दारावरून पुढें जातों. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें ग्रामसभेंत ठराव करून वैधव्याच्या जुन्या प्रथा बंद केल्या. शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांनीं एका खेडेगांवाच्या मागें राहावें काय? सूर्य वळतो तेव्हां तो सर्व अंगणांसाठीं वळतो. उजेड वांटतांना तो कोणाचें घर वगळीत नाहीं. येत्या संक्रांतीला वाण एक अधिक आणा आणि बोलावणें एक अधिक करा.